मेडिकलची पोरं महिनाभर परदेशात जातात ती नेमकी कशाला?

पुसद असो, वरोरा असो की मोर्शी, "मुलगी मेडिकलसाठी बाहेरदेशी चालली" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं: एजंट, रशिया नाहीतर कझाकस्तान, सहा वर्षं आणि विकलेलं वावर. त्यामुळे वर्ध्याच्या किंवा यवतमाळच्या कॉलेजात आधीच एमबीबीएस करणारी पोरगी "चार आठवडे पोर्तुगालला जाते" म्हणाली की घरात गोंधळ उडतो. "महिनाभरात काय शिकून येशीन तू? अन् इथली सीट सोडतं काय?" असं बापानं विचारलं तर त्यात त्याचं काही चुकत नाही. या विषयावर नीट सांगणारं मराठीत फारसं काही सापडत नाही, आणि कॉलेजच्या नोटीस बोर्डावर लागतं ते घाईघाईत छापलेलं इंग्रजी पोस्टर.

सीट सुटत नाही. विद्यार्थी इथल्याच कॉलेजचा राहतो, परीक्षा इथेच देतो, डिग्रीही इथलीच मिळते. मधल्या काळात तो साधारण महिनाभर दुसऱ्या देशातल्या एखाद्या शिकवणाऱ्या हॉस्पिटलात जातो, तिथल्या एका डॉक्टरच्या देखरेखीखाली वॉर्डात किंवा लॅबमध्ये काम शिकतो आणि परत येतो. याला एक्स्चेंज म्हणतात, कुठे इलेक्टिव्ह म्हणतात, कुठे ऑब्झर्व्हरशिप. तिन्हींत फरक आहे आणि तो पैशाच्या बाबतीत मोठा आहे. त्याकडे येतोच.

शिकता शिकता कामाच्या जागी जायचं आणि त्या शिकण्याची जबाबदारी कॉलेज आणि कामाची जागा यांनी मिळून घ्यायची, ही सहकारी शिक्षणाची रीत अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी 1906 मध्ये सुरू केली. ती होती इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी: काही दिवस वर्गात, काही दिवस कारखान्यात. डॉक्टरकीला यात नवं काही नव्हतं, कारण वॉर्डाशिवाय डॉक्टर कधी घडतच नव्हता. भर पडली ती दुसऱ्या देशाच्या वॉर्डाची. दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी 1951 मध्ये कोपनहेगनला एकत्र येऊन एक महासंघ काढला, इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन्स, थोडक्यात आयएफएमएसए. आज शंभराहून अधिक देशांतल्या विद्यार्थी संघटना त्यात आहेत आणि वर्षाला दहा हजारांहून अधिक विद्यार्थी तिच्यामार्फत इकडचे तिकडे जातात. भारतातून मेडिकल स्टुडंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना तिची सदस्य आहे. हे सगळं विद्यार्थीच चालवतात, त्यामुळे उत्साह भरपूर असतो आणि ईमेलला उत्तर यायला मात्र कधीकधी पंधरवडा लागतो.

ही अदलाबदल कशी चालते ते समजून घेण्यासारखं आहे, कारण खेड्यातल्या कॉलेजची अडचण नेमकी तिथेच आहे. दोन देशांच्या संघटना आपसांत करार करतात: तुमचे इतके आमच्याकडे, आमचे इतके तुमच्याकडे. याला द्विपक्षीय करार म्हणतात. सीट विकत मिळत नाही, बदल्यात मिळते. तुमच्या पोराची पोलंडमधल्या हॉस्पिटलात सोय झाली, तर पोलंडच्या एका पोराची सोय तुमच्या देशातल्या एखाद्या कॉलेजने करायची. यजमानाने राहायला जागा द्यायची, दिवसातून निदान एक जेवण द्यायचं, आणि वॉर्डात शिकवणारा एक डॉक्टर नेमून द्यायचा. पाहुणा विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा आणि संघटनेची फी भरतो. प्रकार दोन: एक वॉर्डातला, म्हणजे क्लिनिकल, दुसरा संशोधनाचा, त्यात एखाद्या चालू प्रकल्पावर काम असतं. दोन्हींत लॉगबुक, म्हणजे कामाची नोंदवही, भरावं लागतं आणि देखरेख करणाऱ्या डॉक्टरची सही लागते. कराराचा एकतर्फी प्रकारही आहे, पण तो महाग पडतो, कारण तुम्ही कोणालाच ठेवून घेत नाही.

आता हे विदर्भाला लावून पाहा. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी कॉलेजांना पाहुणा ठेवणं त्या मानाने सोपं. विमानतळ आहे, शहर आहे. पण चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळ, आणि 2024 मध्ये सुरू झालेली गडचिरोली, वाशिम, बुलढाणा, भंडारा, अमरावती ही नवी सरकारी कॉलेजं? तिथल्या विद्यार्थ्यांनी संघटनेची स्थानिक समिती काढली नाही, हॉस्टेलची एक खोली आणि एक तयार प्राध्यापक मिळवला नाही, तर त्यांचे विद्यार्थी फार तर शहरी कॉलेजांच्या यादीच्या शेवटी उभे राहणार. सेवाग्राम स्टेशनवर रात्री उतरणाऱ्या पोलिश पोराला घ्यायला कोण जाणार, मेसची तर्री त्याला झेपली नाही तर काय द्यायचं, मे महिन्यात सत्तेचाळीस अंशांत त्याला कुठे झोपवायचं, असल्या किरकोळ गोष्टींवर सगळं अडतं. माझ्या मते ही लायकीची अडचण नाही, खटपटीची आहे. आणि खटपट करणारा एखादा सीनियर पास होऊन गेला की समिती बंद पडते, हेही कॉलेजात राहिलेल्या कुणालाही माहीत असतं.

बाकीचे दरवाजे थोडक्यात.

अमेरिकेतलं क्लिनिकल इलेक्टिव्ह शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांसाठी असतं. तिथे रुग्णाची हिस्ट्री घेता येते, तपासता येतं, टीममध्ये काम करता येतं. त्यासाठी व्हीएसएलओ नावाची एक ऑनलाइन व्यवस्था आहे, पण तुमचं कॉलेज तिथे नोंदलेलं असेल तरच तुम्ही त्यातून अर्ज करू शकता. नसेल तर परदेशी विद्यार्थी थेट घेणारी मोजकी कॉलेजं शोधावी लागतात. याचा व्हिसा सहसा बी-1 असतो आणि पगार मिळत नाही. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे नुसतं पाहणं: हात मागे बांधून राउंडला उभं राहायचं. ती बहुतेकदा पैसे भरून मिळते, आणि पुढे अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिकडचं पीजी, करायची असेल तर शिफारसपत्रासाठी लोक ती घेतात. ज्याला तिकडे जायचंच नाही त्याने त्यात पैसे घालू नयेत, असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये इलेक्टिव्ह हा एमबीबीएसचाच भाग असतो आणि तिथले विद्यार्थी आठवडे-महिने बाहेरच्या देशांत काढतात. जर्मनीतही विद्यार्थ्याला पदवीआधी चार महिने हॉस्पिटलात काढावे लागतात आणि शेवटच्या वर्षात सोळा-सोळा आठवड्यांच्या तीन पाळ्या असतात; यातला काही भाग बाहेरदेशी चालतो. म्हणजे येणाऱ्यांचा ओघ तिकडे तयार आहे, फक्त आपण दार उघडायचं आहे.

आता एजंटांबद्दल. "इथे दोन वर्षं, तिथे तीन वर्षं, दोन्हीकडची डिग्री" अशी जाहिरात एमबीबीएसच्या बाबतीत कोणी केली, तर तिथून उठून यायचं. परदेशी डिग्रीवर भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे 2021 चे नियम स्पष्ट आहेत: किमान 54 महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच परदेशी संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप, शिकवणं इंग्रजीतून, आणि शिक्षणाचा कुठलाही तुकडा भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही. परत आल्यावर परीक्षा आणि इथली इंटर्नशिप वेगळी. जायच्या आधी नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा पास झालेली असावी लागते, तेही आलंच. एक्स्चेंजच्या नावाखाली ॲडमिशन विकणाऱ्या माणसाला एवढं एक विचारायचं: "महिन्याच्या शेवटी माझा मुलगा कोणत्या कॉलेजचा विद्यार्थी असेल?" "इथलाच" असं लगेच सांगितलं नाही, तर ते एक्स्चेंज नव्हे.

कागदपत्रांची सुरुवात पासपोर्टपासून करायची आणि ती फर्स्ट इयरलाच करायची. बहुतेकांना तो थर्ड इयरला आठवतो आणि मग नागपूरच्या चकरा सुरू होतात. युरोपात शेंगेन देशांपैकी कुठे जायचं असेल तर प्रौढांसाठी व्हिसाची फी जून 2024 पासून 90 युरो आहे आणि किमान 30 हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. त्या व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं, म्हणजे महिन्याभराला पुरून उरतं. बँकेत पैसे दिसावे लागतात. शेतकऱ्याच्या घरी इथेच गाडी अडते: कापूस विकल्यावर खात्यात पैसे असतात, अर्ज करायच्या वेळी नसतात. म्हणून कॉलेजचं पत्र, यजमान हॉस्पिटलचं स्वीकृतीपत्र आणि खर्च कोण करणार याचा लेखी कागद आधीपासून जुळवून ठेवावा.

एक अडचण फारशी कोणी सांगत नाही. बाहेरची हॉस्पिटलं गोवर, कांजिण्या, कावीळ बी यांच्या लसींचा पुरावा मागतात, आणि टीबीची तपासणीही. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी दिलेली असते, त्यात टीबीच्या वॉर्डात पोस्टिंग झालेलं असतं, त्यामुळे हातावरची टीबीची चाचणी पॉझिटिव्ह येणं नेहमीचंच. त्यात घाबरण्यासारखं नसतं. आयजीआरए ही रक्ताची चाचणी आणि छातीचा एक्स-रे लागतो. पण तो तिकिटाच्या आदल्या आठवड्यात नको.

वेळेचं गणितही कॉलेजच्या बाजूने पाहायला हवं. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमाने एमबीबीएसमध्ये इलेक्टिव्हसाठी दोन महिने ठेवले होते, पुढे ते एका महिन्यावर आले आणि तोही पंधरा-पंधरा दिवसांच्या दोन तुकड्यांत. चार आठवड्यांचं एक्स्चेंज त्यात सरळ बसत नाही. हजेरी थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के लागतेच. इंटर्नशिपमध्ये रजा साधारण पंधरा दिवसांची; त्याहून जास्त गेलात तर इंटर्नशिप तेवढी लांबते आणि पीजीच्या प्रवेशाची तारीख अंगावर येते. सुट्टीत जाणं सगळ्यात सुरक्षित. डीनची परवानगी लेखी घ्यावी. "सर हो म्हणाले" हे सर बदलल्यावर उपयोगी पडत नाही.

एवढी यातायात करून जायचं, तर सोबत काय घेऊन जायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: इथला एक आजार. विदर्भातल्या विद्यार्थ्यासाठी तो सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, असायला हरकत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हा आजार किती घरांत आहे ते पीएचसीत पोस्टिंग केलेल्या कुणालाही विचारा. आई-बाप दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसून आजाराचं जनुक बाळगणारे, असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पोरगं हाडं दुखतात म्हणून रात्रभर रडतं. केंद्राने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे.

हाच आजार आफ्रिकेतून गेलेल्या लोकांमुळे लंडनमध्येही आहे, अमेरिकेतल्या शहरांतही. तिथला विद्यार्थी काय पाहतो? इंग्लंडमध्ये प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होते. आजारी निघालेल्या बाळाला लहानपणीच पेनिसिलिन सुरू होतं, कारण ते जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाचवतं हे 1986 च्या अमेरिकेतल्या अभ्यासाने दाखवलं होतं. पुढे हायड्रॉक्सियुरिया, ही दुखण्याचे झटके कमी करणारी गोळी. आणि 2023 च्या शेवटी ब्रिटनने आणि पाठोपाठ अमेरिकेने जनुकांत बदल करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. तिकडे गेलेल्या पोराचे डोळे या शेवटच्या गोष्टीने दिपतात, आणि आल्यावर तो सेमिनारमध्ये तेच सांगतो. पण गडचिरोलीतल्या कोरची किंवा एटापल्लीच्या पोराला आज कामाचं आहे ते टाचेतला थेंब, पेनिसिलिन आणि खंड न पडता मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी. त्या हॉस्पिटलात बाळाचा रिपोर्ट किती दिवसांत आईपर्यंत पोचतो, कोण पोचवतं, चुकला तर कोण शोधायला जातं, हे ज्याने चार आठवडे नीट पाहिलं आणि लिहून आणलं, त्याची वारी फळाला आली. यंत्र कोणत्या कंपनीचं होतं यात आशाताईला रस नसतो.

आता उलट दिशा. परदेशी पोरं विदर्भात यायची ती दया म्हणून नव्हे, शिकायला. आणि शिकण्यासारखं इथे भरपूर आहे. सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केली. तिथे नव्या विद्यार्थ्याची सुरुवात आश्रमातल्या शिबिराने होते, मग बॅच एक गाव दत्तक घेते आणि तिथे राहून घरोघर जाते. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 पासून सगळ्याच कॉलेजांना कुटुंब दत्तक घ्यायला लावलं, तेव्हा सेवाग्रामवाल्यांना त्यात नवं काही वाटलं नसणार. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. नवजात बाळांचे मृत्यू दर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आले. हे 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे देशभरच्या आशाताई जी घरोघरी नवजात बाळांची भेट घेतात ती कल्पना याच कामातून वाढली. नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन बोस्टन विद्यापीठासोबत ग्रामीण भागातल्या गरोदर बायकांच्या आणि बाळांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवत आली आहे. ही महिन्याभराची भेट नव्हे, दीर्घ भागीदारी आहे. विद्यार्थ्याने अशाच चालू कामाला जोडून घ्यावं.

गंमत अशी की सुशीला नायर जॉन्स हॉपकिन्सला शिकून आल्या होत्या, आणि बंग दांपत्यही तिथूनच सार्वजनिक आरोग्य शिकून 1984 मध्ये परतलं. म्हणजे विदर्भाच्या ग्रामीण आरोग्याची दोन मोठी कामं जाऊन परत आलेल्या माणसांनीच उभी केली. गेलेला पोरगा परत येणार नाही ही भीती खोटी नाही, पण चार आठवड्यांच्या एक्स्चेंजमुळे ती वाढते असं मला वाटत नाही. जो जायचा तो परीक्षा देऊन जातोच.

येणाऱ्या पाहुण्याला काय दाखवायचं याची यादी इथल्या पावसाळ्याने करून ठेवली आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांचे दंश. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, आणि युरोपातल्या विद्यार्थ्याला हा रुग्ण आयुष्यात क्वचितच दिसतो. गडचिरोलीचा मलेरिया, फवारणीच्या दिवसांत कॅज्युअल्टीत येणारी विषबाधा, मेळघाटातलं कुपोषण. पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण पाहण्याची रीत आधीच ठरवावी लागते.

परदेशी विद्यार्थी इथे डॉक्टर नाही, हे त्यालाही आणि पेशंटलाही स्पष्ट सांगायचं. गोऱ्या माणसाने हात लावला की बरं वाटतं असा समज गावात अजून आहे, आणि त्याचा फायदा घेऊन टाके घालायला मिळतात म्हणून काही पोरं गरीब देशांत येतात. त्याच्या स्वतःच्या कॉलेजात जे करायची परवानगी नसती, ते त्याने इथेही करायचं नाही. जागतिक आरोग्य प्रशिक्षणाच्या नीतिमत्तेबद्दल 2010 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांचा सूरही असाच आहे: पाहुण्याच्या शिकण्याची किंमत यजमान संस्थेने किंवा रुग्णाने चुकवायची नाही. गडचिरोलीतल्या भामरागडला माडिया, मेळघाटातल्या धारणीला कोरकू बोलणारा माणूस सोबत हवा, आणि तो पेशंटचा नातेवाईक किंवा दहा वर्षांची पोरगी नसावी. बाईला होणारं पांढरं पाणी तिच्या दिरासमोर कोण सांगेल? फोटोला पेशंटने मान हलवली म्हणजे संमती झाली असं होत नाही. तो फोटो कुठे लागणार हे सांगितल्यावरही ती हो म्हणते का ते पाहायचं.

संशोधनाचं तर वेगळंच. परदेशी संस्थेच्या सहभागाने इथल्या लोकांवर अभ्यास करायचा, पैसे आणायचे किंवा रक्ताचे नमुने बाहेर न्यायचे, तर कॉलेजच्या नीतिसमितीच्या मंजुरीबरोबर आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी लागते. त्याला महिने जातात. चार आठवड्यांसाठी आलेल्या पोराने "दहा-बारा सॅम्पल घेऊन जातो" म्हटलं, तर नाही म्हणायचं; आपला एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, भिडेपोटी हो म्हणत असेल तर त्यालाही आठवण करून द्यायची. आधीच मंजूर झालेल्या अभ्यासात नोंदी तपासणं, घरभेटींना जाणं, सिकलसेलच्या ओपीडीत कोणता पेशंट गोळी न्यायला आला नाही त्याची यादी करणं, एवढं काम महिनाभर पुरतं.